फोटो आमचा, नाव कुठाय?



आधीच सांगतो. फोटोवरचा हा लेख हौशी मंडळींसाठी नाही. त्यांच्यासाठी गुळगुळीत कागदाची मासिकं पुष्कळ आहेत. आपल्या अंकाच्या स्टेन्सिलवर फोटो उतरत नाही. उतरला तरी शाईचा डाग होतो. म्हणून काढलेले फोटो शब्दांत सांगणार आहे. आणि पुसून टाकलेला एक.

शिव्या प्रस्थापितांना घालायच्या, त्या घालूच. पण या खेपेला दोन आपल्यालाही बसणार आहेत. पहिली मला.

मी धाराशिव जिल्ह्यातला, लोहारा तालुक्यातला. धंदा फोटोचा. नाव ठेवण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत बोलवाल तिथं येतो. मधल्या दिवसांत जातीच्या दाखल्याचे, रेशनकार्डाचे पासपोर्ट फोटो. सहा डिसेंबरला दरसाल मुंबई. यंदा मात्र सातला मागं थांबलो. गावची पोरं रात्रीच निघाली. म्हणाली, "आता काय राह्यलंय? सगळं झालं की." म्हणालो, "सगळं झाल्यावर काय राहतं, तेच बघायचंय."

१९५६ साली बाबासाहेब ६ डिसेंबरला दिल्लीत गेले. दादरच्या चौपाटीवर अग्नी दिला तो ७ तारखेला. म्हणजे मुंबईचा खरा दिवस सातचा. आणि सातला तिथं कॅमेरेवाला औषधालाही सापडत नाही.

सहाला असतात. किती असतात! गळ्यात दोन दोन कॅमेरे, पाठीला पिशवी, पायात भारी बूट. काय टिपतात? निळा झेंडा. सुरकुतलेली म्हातारी. फुटपाथवर झोपलेलं पोर. तुटका अंगठा असलेली चप्पल. म्हातारीच्या तोंडासमोर नळी धरतात, खटाखट दाबतात, पुढच्या म्हातारीकडं जातात. तिला विचारत नाहीत, बाई कुठून आलीस, गाडीभाड्याला पैसे कुणाकडून उसने घेतलेस. अक्षर न येणारी तीच म्हातारी जाताना नातवासाठी पुस्तक विकत घेते. घासाघीस करून घेते, पदरात गुंडाळून नेते. हा फोटो मला तरी कुठं छापलेला दिसला नाही. कारण म्हातारी दीन असते हे ते घरूनच ठरवून आलेले असतात. पुस्तक घेणारी म्हातारी त्यांच्या चौकटीत मावत नाही.

ही खोड आजची नाही. कॅमेरा या देशात आला तो साहेबाच्या हातात. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक साहेब होता. १८६३ ते १८६६ च्या सुमारास त्यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं. युक्ती काय, तर माणसाचा फोटो एकीकडं काढायचा, देखावा दुसरीकडचा घ्यायचा आणि दोन्ही एकमेकांवर चिकटवायचे. मग सरकारनं १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. माणसं कमी, नमुने जास्त. ही अमुक जात, तिचा स्वभाव असा, ती भरवशाची की गुन्हेगार. पाटलाच्या बैलालासुद्धा नाव असतं. यांच्या खंडांत माणसांना जात असे. साहेब गेला. कॅमेरा काळ्या साहेबाच्या गळ्यात आला. चिकटवण्याचं काम चालूच आहे. माणूस आमचा, देखावा त्यांच्या मनातला.

मी पहिला कॅमेरा बघितला तो दहा वर्षांचा असताना. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारी-सास्तूरची धरणी हलली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं दगडमातीखाली गेली. आमच्या घरात दोघं. उजाडल्यावर मदत आली आणि मदतीबरोबर कॅमेरे आले. चुलती ढिगाऱ्यावर बसून ऊर बडवत होती. एक शहरी माणूस आला. म्हणाला, "बाई, जरा इकडं तोंड करा." आणि आमची चुलती, साधी बाई, रडता रडता त्याच्याकडं तोंड करून बसली. तो फोटो कुठं छापला, कुणी बघितला, आम्हाला कुणी सांगितलं नाही. चुलती गेली. तो फोटो आजही कुणाच्या तरी कपाटात असेल. खाली लिहिलेलं असेल, 'भूकंपग्रस्त स्त्री'.

पुढचं ऐका. मग पुनर्वसन आलं. नवी गावं, नवी घरं. घरं कशी दिली? भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतल्याला २५० चौरस फूट. त्याच्यावर सात हेक्टरपर्यंत ४५०. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपानं कुणाची जमीन मोजली नव्हती. सरकारनं मोजली. आणि आपल्या मुलखात जमीन मोजणं म्हणजे काय मोजणं असतं, हे तुम्हाला मी सांगायचं का? वाडा पडलेल्याला मोठं, झोपडं पडलेल्याला खुराडं. मागची सगळी उतरंड सिमेंटात पक्की करून दिली. तेव्हा तिथं एक कॅमेरा नव्हता. प्रेतं संपली होती ना.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली. कॅमेरा मरणाला येतो, वाटणीला येत नाही. सहाला येतो, सातला येत नाही.

असो. सातची सकाळ.

शिवाजी पार्कच्या कडेला उजाडत होतं. कागद, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या. मंडप उतरवत होते. कचऱ्यावरून दरसाल नाकं मुरडणारी मंडळी फिरायला निघाली होती. त्यांच्या गणपतीनंतर चौपाटीवर काय उरतं ते त्यांच्या नाकाला कळत नाही. कचरा उचलायला मात्र आमचीच माणसं. कालच्या मेळ्यात आमची, आजच्या झाडूलाही आमचीच.

एक बाई झाडत होती. पन्नाशीची. समुद्राकडून धुकट उजेड, झाडूनं उडालेली धूळ, धुळीत तिची आकृती, मागं निळ्या झेंड्याचं फडकं. दोस्तहो, असा फोटो वर्षातून एकदा मिळतो. मी दाबला. विचारलं नाही. दाबला.

तिनं बघितलं. झाडू थांबला.

"कुनाला इचारून काढलास रं?"

"तसं नाही आक्का..."

"कसं नाही? कुठला तू?"

"धाराशिवचा. लोहारा."

"मंग गावाकडचाच की. मी वाशीची. गावाकडचा असून असं चोरून काढतोस व्हय?"

मान खाली गेली. म्हणालो, "आक्का, परत काढू का? विचारून?"

"काढ की. पर झाडू घेऊन नगं."

आता माझ्यातला फोटोग्राफर जागा झाला. म्हणालो, "आक्का, कष्टाची लाज कशाला? झाडू तर तुझी ओळख."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ओळख? झाडू माजा नाही बाबा. ठेकेदाराचा हाय."

झाडू भिंतीला लावला. नळावर तोंड धुतलं. पदर नीट केला. पिशवीतून काल घेतलेला बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून छातीशी धरला आणि ताठ उभी राहिली. मी काढला. साधा फोटो. उजेड सपाट. आमच्या धंद्यात त्याला फोटो म्हणत नाहीत, पासपोर्ट म्हणतात. "दुपारी दोनला सुटते," म्हणाली आणि झाडू उचलून कामाला लागली.

मी निघालो. पायी. पूल ओलांडून दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. ७ जुलै २०२० ला या घरावर हल्ला झाला. कुंड्या फोडल्या, काचांवर दगड टाकले आणि सीसीटीव्ही कॅमेरासुद्धा फोडला. समजलं का? त्यांना आपलं घर तर सलतंच. आपल्या घराला डोळा असणंही सलतं.

तिथून नायगाव, परळ. बीआयटी चाळ. बाबासाहेब रमाईंबरोबर राहिले त्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांतून परदेशी शिकलेला माणूस सूट घालून बाहेर पडायचा. त्या सुटावरून अजून काही विद्वानांच्या पोटात दुखतं. म्हणे साहेबाची नक्कल. अरे, अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा एक माणूस होऊन गेला. गुलाम म्हणून जन्मला, पळाला, वक्ता झाला, संपादक झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सगळ्यात जास्त फोटो कुणाचे निघाले, तर त्याचे. दीडशेच्या वर. अध्यक्ष लिंकनपेक्षा जास्त. दर वेळी कडक कोट, विंचरलेले केस, नजर समोर, हसू नाही. गोरे लोक काळ्या माणसाची दात विचकणारी चित्रं छापत होते. त्यांना तो आपल्या चेहऱ्यानं उत्तर देत होता. बाबासाहेबांचा सूट त्याच जातीचा आहे. आणि माझ्या आक्कानं धुतलेलं तोंडही.

परळहून वरळी. बीडीडी चाळी. १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामायिक संडास. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेवर इथंच दगड पडले, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या पाट्यानं भागवत जाधव गेले. आता टॉवर उभे राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. आमची माणसं वर जावीत, लिफ्टनं जावीत. पण चाळ पाडण्याआधी कॅमेरे घेऊन आलेल्यांना मी हात जोडून विचारतो, तुम्हाला पोपडे धरलेल्या भिंतीचा एवढा लोभ का? गळका नळ, कपड्यांच्या दोऱ्या, अंधारा जिना. 'हरवत चाललेली मुंबई.' हरवू द्या की! त्या जिन्यावरून पाण्याच्या बादल्या तुम्ही नव्हत्या चढवल्या.

वरळीला जमिनीखाली उतरलो. भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, एक सोडून सगळी पोटात. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला. लोकल पाच रुपयांपासून नेते, ही दहापासून सत्तरपर्यंत. गार हवा, काचेचे दरवाजे. स्टेशनांची नावं वाचत होतो. शीतलादेवी आहे, सिद्धिविनायक आहे. आचार्य अत्रे चौक आहे. अत्र्यांबद्दल तक्रार नाही, ७ डिसेंबर १९५६ ला चौपाटीवर बोलायला ते उभे होते. पण ज्याच्यासाठी बोलले त्याचं नाव सत्तावीसांत एकदाही नाही. दादरला चैत्यभूमीचं नाव द्या, ही मागणी किती जुनी! नामांतराला आम्ही १९७८ पासून १९९४ पर्यंत घरं जाळून घेतली, माणसं गमावली. या राज्यात आमच्या नावाला पाटी फुकट मिळत नाही.

तरी खरं बोलतो, गाडीत बरं वाटलं. शेजारच्यानं जात विचारली नाही. मग आठवलं, १९०१ साली छोटा भीमराव भावंडांबरोबर आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरला. गाडीनं बिनतक्रार आणलं होतं. स्टेशनमास्तरनं कोण म्हणून विचारलं, महार म्हटल्यावर तोंड फिरलं. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊनही हाकायला बसेना. पोरांनी स्वतः हाकली. रूळ जात विचारत नाहीत. रूळ संपले की विचारतात. मेट्रोचंही तेच. खाली सगळे प्रवासी. जिना चढून वर आलं की कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात कॅमेरा.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या दारात भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं. त्याच रेल्वेत पुढं १९३८ ते १९४१ मध्ये वॉकर इव्हान्स नावाच्या मोठ्या फोटोग्राफरनं कोटात कॅमेरा लपवला आणि बटणांच्या फटीतून समोरच्यांचे फोटो काढले. जगभर वाखाणणी. म्हणतात, माणूस बेसावध असला की खरा दिसतो. मी म्हणतो, ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाळत ठेवली त्याला बेसावध गाठण्यात कसली कला? आमचं खरं बघायचं तर आम्ही सावध असताना बघा.

हुतात्मा चौकात वर आलो. बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज बाहेरून बघितलं. मग तिथल्याच एका गल्लीत एका दालनात फोटोंचं प्रदर्शन. नाव सांगत नाही, एकच दालन असं असतं असं नाही. आत थंडगार. भिंतीवर फोर्टातल्या एका जुन्या इमारतीचा फोटो. खाली इमारतीचं नाव, बांधणाऱ्याचं नाव, बांधल्याचं साल. शेजारी ऊसतोडीच्या एका बाईचा फोटो. डोक्यावर मोळी, कडेवर लेकरू. फोटो उत्तम, त्यात वाद नाही. खाली काय? 'कष्टकरी स्त्री, मराठवाडा.'

दगडाला नाव, बाईला नाही.

रक्त तापलं. त्या माणसाला गाठून खडसवावं असं वाटलं. वाक्यंसुद्धा तयार केली. "साहेब, हिचं नाव काय?" आणि तेवढ्यात माझंच मला आठवलं. सकाळपासून तीनशे फोटो काढले होते. आक्कानं गाव सांगितलं, सुटायची वेळ सांगितली, मला लाज शिकवली. मी तिचं नाव विचारलं होतं का?

नव्हतं विचारलं.

दालनातून बाहेर पडलो, परत भुयारात, परत दादर. दोनच्या सुमाराला हजेरीच्या जागी पोचलो. ती निघतच होती. म्हणालो, "आक्का, नाव विचारायचं राह्यलं."

ती हसली. नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, नवऱ्याचं, आडनाव, गाव. वर म्हणाली, "वहीत लिही. छापू नगं. ठेकेदारानं बघितलं तर म्हनंल फोटो काढत बसती. काम जाईल."

म्हणून या लेखात तिचं नाव नाही. पण नीट समजून घ्या. मी न विचारल्यामुळं नाव नसणं वेगळं आणि तिनं राखून ठेवल्यामुळं नसणं वेगळं. पहिली चोरी आहे. दुसरा तिचा हक्क आहे.

सकाळचा झाडूचा फोटो तिला दाखवला. म्हणाली, "चांगला निघालाय की. पर मी नाही ती." तिच्यासमोर पुसला. दिवसातला सगळ्यात भारी फोटो होता. बक्षिसाचा होता. पुसताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू?

आता कुणी कलावंत म्हणेल, मग झाडूचे फोटो काढायचेच नाहीत का? अन्याय दाखवायचा नाही? दाखवायचा की! गॉर्डन पार्क्स नावाचा काळा फोटोग्राफर. रेल्वेत वेटर होता, गहाणवटीच्या दुकानातून कॅमेरा घेतला. १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत फरशी पुसणाऱ्या बाईला त्यानं अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. त्या फोटोनं अमेरिकेच्या तोंडाला काळं फासलं. पण त्यानं आधी तिच्याशी बोलून तिची कहाणी ऐकली. नंतर तिच्या घरी गेला, तिची लेकरंबाळं, तिचं चर्च, सगळं आठवडेच्या आठवडे टिपलं. तिचं नाव एला वॉटसन. आज ऐंशी वर्षांनी लोहारा तालुक्यातल्या माणसाला तिचं नाव ठाऊक आहे. आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांत वर्षानुवर्षं जाऊन काम केलं. गटारात उतरणारा माणूस जगाला दाखवला. झाडू दाखवायला हरकत नाही. झाडूमागं माणूस गडप करायला हरकत आहे. फरक कॅमेऱ्याचा नाही, वेळ देण्याचा आहे. ते परत गेले. बाकीचे परत जात नाहीत.

आता आपली पाळी. सहाला शिवाजी पार्कवर मी तुम्हालाही बघितलं. गॉगल, निळा फेटा, हात वर, स्वतःचा फोटो. गावात परतल्यावर चौकात फ्लेक्स. वर नेता, खाली चाळीस तोंडं. आणि प्रत्येक तोंडाखाली नाव! भावी सरपंच, युवा नेतृत्व, सगळं. म्हणजे नावाची किंमत आपल्याला बरोबर कळते. फक्त स्वतःच्या. त्याच चौकात पहाटे झाडणाऱ्या मावशीचं नाव फ्लेक्सवरच्या चाळीसांपैकी किती जणांना येतं? मग त्या दालनवाल्यात आणि आपल्यात फरक काय? तो गार हवेत विसरतो, आपण उन्हात.

म्हणून काम सांगतो. भाषण नाही, काम.

आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग परिषदेला बाबासाहेब आले होते. ती सभा बघितलेली पिढी संपली. नामांतराचे मोर्चे काढलेली पिढी सत्तरीला आली. भूकंपात माणसं गमावलेली माझी पिढी म्हातारपणाकडं झुकली. प्रत्येक वस्तीत पत्र्याच्या पेट्या आहेत. पेटीत उंदरांनी कुरतडलेले फोटो आहेत. मोर्चाचे, लग्नाचे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे. त्यातली अर्धी तोंडं ओळखणारं माणूस आज जिवंत आहे. पुढच्या साली नसेल.

एक वही घ्या. मोबाईल तर हातात आहेच. पेटीतला एकेक फोटो टिपा आणि वहीत लिहा: कोण, कुठं, कधी, कशासाठी जमले होते, फोटो कुणी काढला. ओळख पटली नाही तर चार घरं फिरा. ज्याला नाव राखून ठेवायचंय त्याचं राखा, पण विचारा. वही विहारात ठेवा. आणि नवा फोटो काढताना आधी नाव, मग बटण. झाडू खाली ठेवायला वेळ मागितला तर वेळ द्या. उजेड गेला तर जाऊ द्या.

लोहाऱ्याला माझ्याकडं अशी पहिली वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर चुलतीचं नाव आहे. फोटो नाही. फोटो त्यांच्या कपाटात, नाव आमच्या वहीत. दुसऱ्या पानावर वाशीच्या आक्काचं.

आक्काला फोटो मोबाईलवर पाठवला. तिनं उलट फोन केला. म्हणाली, "कागदावरचा पाठव. मोबाईल फुटतो. आन मागं माजं नाव लिही, चांगल्या अक्षरात."

लिहून पाठवला.

जयभीम.